स्पेनचा तक्रार-अर्ज: संताप दोन भाषांत कसा भरायचा

स्पेनमध्ये बार, हॉटेल, चपलांचं दुकान, सलून, गॅरेज, कुठेही शिरा. गल्ल्याच्या आसपास एक पाटी असते. या दुकानात ग्राहकांसाठी तक्रार-अर्ज ठेवलेले आहेत, असं त्यावर स्पॅनिशमध्ये आणि बऱ्याच ठिकाणी खाली इंग्रजीतही लिहिलेलं असतं. हा अर्ज म्हणजे 'ओखा दे रेक्लामासिओनेस'. माद्रिदकडे त्याच शब्दात 'सि'च्या जागी 'थि' ऐकू येईल, गोंधळू नका. अर्ज फुकट असतो, मागितला की तिथल्या तिथे द्यावा लागतो, आणि दुकानदाराची इच्छा असो-नसो, द्यावाच लागतो. रेल्वे स्टेशनवरची तक्रार पुस्तिका आठवत असेल तर तिची ही भावंडं समजा, फक्त इथे ती कोपऱ्यावरच्या बारवाल्यालाही ठेवावी लागते.

मत आधीच सांगून टाकतो. दुकानदारावर वचक म्हणून ही सोय पैकीच्या पैकी. पैसे परत मिळवायचं साधन म्हणून काठावर पास. आणि चार दिवसांसाठी आलेल्या भारतीय पाहुण्यासाठी मध्यम, कारण खरी मेख अर्ज मागण्यात नसून त्यात काय लिहायचं यात आहे. तिथेच बहुतेकांचं गाडं अडतं.

सोय कुणाची, हे समजलं की बाकीचं सोपं जातं. १९७८च्या स्पॅनिश राज्यघटनेचं ५१वं कलम ग्राहकांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकतं. १९८१ साली उद्योगांसाठीचं रेपसीड तेल खायचं म्हणून विकलं गेलं आणि शेकडो माणसं दगावली. त्या हादऱ्यानंतर १९८४मध्ये पहिला सर्वंकष ग्राहक कायदा झाला, आणि २००७मध्ये तो एकत्र करून नव्याने मांडला गेला. पण ग्राहकांचा विषय तिथे प्रांतांकडे आहे. म्हणून आंदालुसियाचा अर्ज वेगळा, माद्रिदचा वेगळा, आणि कातालोनियाचा तर कातालान, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. रकान्यांची मांडणी आणि दुकानदाराने उत्तर द्यायची मुदत प्रांतागणिक बदलते. त्यामुळे सेवियामध्ये कुणीतरी सांगितलेली मुदत बार्सिलोनात धरून बसू नका. अर्जावर किंवा त्याच्या पाठीमागे छापलेली सूचना वाचा.

मागताना

'मे दा उना ओखा दे रेक्लामासिओनेस, पोर फावोर?' एवढं वाक्य पाठ असलं तरी काम होतं. आवाज चढवायची गरज नाही. उलट शांतपणे मागितलेल्या अर्जाला दुकानदार जास्त घाबरतो, कारण आरडाओरडा करणारा गिऱ्हाईक निघून जातो आणि अर्ज मागणारा कागद मागे ठेवून जातो. बिलात घुसवलेले दोन-तीन युरो या एका वाक्यावर कमी झाले की तिथेच विषय संपवावा. या सोयीचा सर्वांत मोठा उपयोग मला हाच वाटतो.

'अर्ज संपलेत', 'मालक आले की देतो', 'ऑनलाइन भरा' ही नेहमीची उत्तरं. काही प्रांतांत ऑनलाइन भरायची सोय खरोखरच आहे, पण त्यासाठी बहुधा स्पॅनिश डिजिटल ओळख लागते आणि ती पर्यटकाकडे नसते. तेव्हा कागदच मागा. सरळ नकार आला तर स्थानिक पोलिसांना, म्हणजे 'पोलिसिया लोकाल'ला बोलवायचं. अनेक शहरांत त्यांचा नंबर ०९२. ते येऊन नकाराची नोंद करतात. पोलीस म्हटलं की आपल्याला 'कशाला कोर्टकचेरीच्या भानगडीत पडा' असं वाटतं, पण तिथे हा पोलिसांच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

कागद

अर्ज तीन प्रतींचा, आपोआप छाप उमटणाऱ्या कागदाचा. साधारणपणे पांढरी प्रत सरकारी कार्यालयासाठी, गुलाबी दुकानदारासाठी आणि हिरवी ग्राहकासाठी. रंगावर विसंबू नका, प्रत कुणाची हे तिच्या कडेला छापलेलं असतं ते पाहा. बॉलपेनने, हात दाबून, सुट्या ठळक अक्षरांत लिहा. जेलपेनने लिहिलं की तिसऱ्या प्रतीवर नुसत्या सावल्या उमटतात, आणि नेमकी तिसरी प्रत तुमच्या हाती येते.

तुमच्या माहितीच्या रकान्यात पासपोर्ट क्रमांक चालतो. पत्ता भारतातला असेल तर पिनकोडसह पूर्ण लिहा आणि ई-मेल ठळक लिहा. उत्तर मिळण्याची त्यातल्या त्यात शक्यता तिथेच. दुकानदाराची माहिती त्याने स्वतः भरायची असते. त्याने टाळाटाळ केली तर बिल काढा: दुकानाचं अधिकृत नाव आणि 'नीफ' हा कर-क्रमांक त्यावर छापलेला असतो. पाटीवरचं नाव आणि कायदेशीर नाव वेगळं असणं अगदी नेहमीचं. शेवटी दोघांच्या सह्या. दुकानदाराची सही किंवा शिक्का म्हणजे 'अर्ज मिळाला', 'चूक कबूल' नव्हे. हे त्याला समजावून सांगितलं तर सही मिळणं सोपं होतं.

मधला मोठा रकाना 'एचोस' म्हणजे घडलेल्या गोष्टींचा, आणि त्याखाली तुम्हाला काय हवंय त्याचा. इथे येते भाषा.

बोलायचा संताप वेगळा, लिहायचा वेगळा

तोंडी संतापाच्या बाबतीत स्पॅनिश ही घरंदाज श्रीमंत भाषा आहे. 'एस्तो एस उना बेर्ग्वेन्सा!' म्हणजे लाज आहे ही. 'नो आय देरेचो!' हे आपल्या 'ही काय मोगलाई आहे का?'च्या जवळ जाणारं, अन्यायाविरुद्धचं. 'एस्तो एस एल कोल्मो' म्हणजे कहर झाला. 'आस्ता आकी पोदिआमोस येगार!' हे जरा नाटकी, 'आता एवढंच बघायचं राहिलं होतं' अशा थाटाचं. 'या एस्ता ब्येन' फसवं आहे: शब्द 'आता ठीक आहे' असे दिसतात, पण कपाळावर आठ्या असतील तर अर्थ 'बास झालं आता'. कुणी खिल्ली उडवतंय, गंडवतंय असं वाटलं की 'उना तोमादुरा दे पेलो'. हे सगळं गल्ल्यासमोर बोलायला झकास. अर्जात यातलं एकही वाक्य लिहू नका.

एक बारीक गोष्ट इथेच सांगण्यासारखी. मराठीत राग चढला की माणूस 'अहो'वरून 'अरे'वर घसरतो. स्पेनमध्ये थंड डोक्याचा राग बरोबर उलटा जातो: वेटरशी सहज 'तू' म्हणून चाललेलं बोलणं अचानक 'उस्तेद'वर येतं, 'ओये'चं 'ओइगा' होतं. समोरच्याला तेव्हाच कळतं की प्रकरण गंभीर आहे. अर्ज तर पूर्ण 'उस्तेद'मध्येच.

लेखी स्पॅनिशमध्ये संतापाला एकच वाक्य पुरतं, तेही घडलेल्या गोष्टी सांगून झाल्यावर. 'कोन्सिदेरो इनादमिसिब्ले के...' म्हणजे '...हे मला अजिबात मान्य होण्यासारखं वाटत नाही'. यानंतर क्रियापद सब्जंक्टिव्हमध्येच येतं, म्हणजे भावना, इच्छा, शंका यांच्यासाठी राखलेल्या रूपात. 'माझ्याकडून पैसे घेतात याचा मला संताप येतो' हे म्हणताना 'मे इंदिग्ना के मे कोब्रान' चूक, 'मे इंदिग्ना के मे कोब्रेन' बरोबर. आणि गोष्ट घडून गेलेली असेल तर 'के मे आयान कोब्रादो'. पुण्या-मुंबईत स्पॅनिशच्या बी-२ पातळीपर्यंत पोचलेल्यांनी तक्रारीचं पत्र घोटलेलं असतंच. मार्क कापले जातात ते नेमके याच जागी. घटना सांगताना मात्र साधा भूतकाळ: मागवलं, दिलं, नाकारलं. भावना सब्जंक्टिव्हमध्ये, घटना साध्या भूतकाळात, एवढी फाळणी पाळली की निम्मा अर्ज नीट होतो.

आता काय लिहायचं नाही ते. 'लाद्रोनेस' म्हणजे चोर, 'सिनबेर्ग्वेन्सास' म्हणजे निर्लज्ज. दोन्ही हात शिवशिवत असले तरी टाळा. त्याहून धोक्याचा शब्द 'एस्ताफा'. तो नुसता 'फसवणूक' नाही, स्पॅनिश दंडसंहितेतला गुन्हा आहे. सही करून कुणावर खोटा गुन्हा लादणं हाही तिथे गुन्हाच, त्यामुळे दोन युरोंच्या पावासाठी समोरच्याच्या हातात कोलीत कशाला द्या? त्याऐवजी 'कोब्रो इंदेबिदो' लिहा, म्हणजे नाहक आकारलेली रक्कम. हा शब्द कार्यालयातल्या माणसाच्या रोजच्या वापरातला आहे आणि त्याला पुढचं काय ते लगेच कळतं.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी सापळे निराळे. स्पॅनिश 'मोलेस्तार' म्हणजे नुसता त्रास देणं. त्याचंच इंग्रजी भावंड वाटणारं 'मोलेस्ट' लिहिलं तर वेटरवर विनयभंगाचा आरोप होतो. उलट दिशेने, 'दिसगुस्तादो' म्हणजे खट्टू झालेला, नाराज. इंग्रजी 'डिसगस्टेड' त्याहून कितीतरी जहाल. आणि आपली खास भारतीय सवय: ग्राहक मंचाच्या अर्जातून उचललेलं 'मेंटल अ‍ॅगनी अँड हरासमेंट'. 'हरासमेंट'चं स्पॅनिश 'आकोसो' होतं, आणि 'आकोसो' म्हणजे पाठलाग, छळ, लैंगिक त्रास या रांगेतला शब्द. बिलातल्या घोळासाठी तो लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं, प्रकरण पोलिसांचं आहे, आमचं नव्हे. 'काइंडली डू द नीडफुल' तर तिथल्या कुणाच्याही डोक्यावरून जातं.

ब्रिटिश इंग्रजीची चाल ठाऊक असेल तर ती इथे कामाची आहे. संपादकाला तावातावाने पत्रं लिहिणाऱ्या सद्गृहस्थाला इंग्लंडमध्ये 'डिसगस्टेड ऑफ टनब्रिज वेल्स' म्हणून हसतात. मुरलेला तक्रारदार 'आय अ‍ॅम डिसअपॉइंटेड' लिहितो आणि त्याखाली तारीख, रक्कम आणि मुदत टाकतो. 'आउटरेजस' आणि 'अपॉल्ड' हे शब्द खरंच मोठं काही घडलं असेल तर राखून ठेवावेत.

नमुना घ्या. चौघेजण बाहेर टेबलावर जेवले, आणि मेन्यूकार्डावर कुठेही न छापलेला 'तेरासा'चा आकार माणशी दीड युरो बिलात आला. अर्जात एवढंच:

'एल १४ दे मार्सो, आ लास २१:३०, सेनामोस कुआत्रो पेरसोनास एन ला तेरासा. से नोस कोब्रारोन ६,०० एउरोस पोर सुप्लेमेन्तो दे तेरासा, के नो फिगुराबा एन ला कार्ता. पेदिमोस ला आनुलासिओन ई एल एनकार्गादो से नेगो. कोन्सिदेरो इनादमिसिब्ले के से नोस आया कोब्रादो उन सुप्लेमेन्तो नो आनुन्सियादो. सोलिसितो ला देबोलुसिओन दे ६,०० एउरोस. से आदखुन्ता कोपिया देल तिकेत.'

म्हणजे: १४ मार्चला रात्री साडेनऊला चौघे बाहेर जेवलो, मेन्यूवर नसलेला ६ युरोंचा आकार लावला, रद्द करायला सांगितलं तर व्यवस्थापकाने नकार दिला, आधी न कळवलेली रक्कम घेणं मान्य नाही, ६ युरो परत मिळावेत, बिलाची प्रत जोडली आहे. पूर्ण अर्जात विशेषण एकच. दशांशासाठी टिंब नाही, स्वल्पविराम. वेळ चोवीस तासांची. 'सोलिसितो', म्हणजे विनंती करतो, हे 'एखिखो' म्हणजे मागणी ठणकावतो, यापेक्षा बरं. हक्क दोन्हीत तेवढाच राहतो. इंग्रजीत लिहायचं तर हीच वाक्यं याच क्रमाने, आणि जमल्यास वर स्पॅनिश, खाली इंग्रजी. छापील मथळे दोन भाषांत असले तरी वाचणाऱ्याचं काम स्पॅनिशमध्ये चालतं. मोबाइलवरून भाषांतर करून घेणार असाल तर आधी मूळ वाक्यं छोटी करा. मराठी रागाची लांबलचक वाक्यं यंत्रातून गेली की कोणी कोणाला काय केलं याचाच पत्ता लागत नाही.

मागणी नेमकी लिहिणं फार महत्त्वाचं आहे. कातालोनियाच्या अर्जावर तर तीन पर्यायांतून निवडावं लागतं: 'केखा', म्हणजे नाराजीची नोंद, 'रेक्लामासिओन', म्हणजे पैसे परत किंवा वस्तू बदलून हवी, आणि 'देनुन्सिया', म्हणजे नियमभंग झालाय तो सरकारने पाहावा. पैसे हवे असताना 'केखा'वर खूण केली की नोंद होते, हातात काही पडत नाही. पेरूमध्येही दुकानोदुकानी 'लिब्रो दे रेक्लामासिओनेस' ठेवावं लागतं आणि तिथे 'रेक्लामो' वस्तू किंवा सेवेबद्दल, 'केखा' वागणुकीबद्दल अशी वाटणी आहे.

राग रास्त आणि कायदा स्पष्टपणे तुमच्या बाजूचा, अशी दोन उदाहरणं पर्यटकांना हमखास भेटतात. २०२२च्या कचरा-कायद्यानुसार उपाहारगृहांनी नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं. 'आगुआ देल ग्रिफो' मागितल्यावर 'फक्त बाटली आहे' म्हणणं बसत नाही. आणि रोख पैसे नाकारणं हा ग्राहक कायद्याखाली नियमभंग आहे. या दोन्हींत तुमचं नुकसान नगण्य असतं, पण 'देनुन्सिया' म्हणून तक्रारीला वजन असतं.

जिथे ही सोय कमी पडते

सर्वांत मोठा गैरसमज: अर्ज भरला, सही झाली, आता सरकार बघून घेईल. दुकानदार पांढरी प्रत कुठेही पाठवत नाही. त्याच्याकडून मुदतीत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर ती प्रत बिलाच्या झेरॉक्ससह तुम्हीच ग्राहक कार्यालयात द्यायची असते. महापालिकेचं असं कार्यालय म्हणजे 'ओमिक', सल्ला आणि मध्यस्थी दोन्ही फुकट. अर्ज खिशात घेऊन विमानात बसलेल्यांची संख्या मोठी असणार, आणि दुकानदारांना ते चांगलं ठाऊक आहे.

दुसरं, कार्यालय मध्यस्थी करतं, नियम मोडला असेल तर दंड करू शकतं, पण तुमचे पैसे देण्याचा हुकूम सहसा काढत नाही. दंड झाला तरी तो सरकारजमा. पैशांसाठी ग्राहक लवाद आहे: फुकट, निवाडा दोघांवर बंधनकारक, पण दुकानदाराने तो मान्य केला असेल तरच. नाहीतर न्यायालय, जिथे २,००० युरोंपर्यंतच्या दाव्याला वकील सक्तीचा नाही. सहा युरोंसाठी इतकं कुणी करत नाही आणि करूही नये. मानसिक त्रासाची भरपाई या अर्जातून मागणं तर व्यर्थच.

तिसरं, काही सेवांचा दरवाजाच वेगळा. विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर आधी विमान कंपनी, मग 'आएसा' ही विमानसुरक्षा संस्था. युरोपीय नियमाप्रमाणे भरपाई अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. बँकेचं असेल तर आधी बँकेचा ग्राहक विभाग, मग बांको दे एस्पान्या. मोबाइल कंपन्यांसाठीही दूरसंचाराचं स्वतंत्र कार्यालय. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो फिरत राहतो.

ब्रिटनमध्ये असा दुकानातला अर्ज नाही. तिथे आधी कंपनीलाच लिहायचं. बँक-विम्याच्या तक्रारीत आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही की फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे जाता येतं, आणि सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क २०१५च्या कायद्याने दिलेला आहे. पैसे हातात पडण्याच्या दृष्टीने ब्रिटिश पद्धत सरस, कारण ऑम्बुड्समनचा निर्णय ग्राहकाने स्वीकारला की कंपनीला पाळावाच लागतो. दुकानात उभं असतानाच वजन पडण्याच्या दृष्टीने स्पॅनिश.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक जादा वाट आहे: आपल्या देशातल्या युरोपीय ग्राहक केंद्रामार्फत स्पेनमधल्या दुकानदाराशी फुकट मध्यस्थी. त्यासाठी युरोपीय संघात, नॉर्वेत किंवा आइसलँडमध्ये वास्तव्य लागतं, नागरिकत्व नव्हे. भारतातून आलेल्यांना ही वाट बंद. त्यांनी निदान एवढं करावं: अर्ज भरल्यावर हिरव्या आणि पांढऱ्या दोन्ही प्रतींचे आणि बिलाचे फोटो दुकानातून बाहेर पडण्याआधी काढावेत (बिलाचा थर्मल कागद उन्हात काही दिवसांत पांढरा पडतो), आणि मुदत उलटल्यावर पांढरी प्रत पोस्टाने पाठवायची तर पत्ता दुकान ज्या गावात आहे तिथल्या ओमिकचा घालावा, आपल्या मुक्कामाच्या गावचा नव्हे.